कथेचा मालक कोण?

(एका वाचनमंडळात जमलेल्या कुटुंबांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांसमोर जो विषय मांडणार आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. शिक्षणाचे, नोकरीचे, घराचे आणि दाखल्यावरील नोंदीचे प्रश्न आपल्यापुढे उभे असता, परदेशातील कल्पित कथांमधील पात्रांचा रंग कोणता आणि त्यांचे प्रेम कोणावर, याची चर्चा कशाला करावयाची, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तूर्त एवढेच सांगतो की, माणसाला खालच्या पायरीवर बसविण्याचे काम जसे कायदा करतो, रूढी करते, तसेच ते कथाही करते. कायद्याने बसविलेल्या माणसाला आपण बसविले गेलो आहोत हे कळते. कथेने बसविलेल्या माणसाला ते पुष्कळदा कळतही नाही.

प्रथम एक लहानसा प्रयोग करू. मी एका कल्पित मुलीचे वर्णन करतो. तिचे डोळे तपकिरी आहेत. केस दाट व विस्कटलेले आहेत. पुढचे दात काहीसे मोठे आहेत, आणि बुद्धी अशी तल्लख की वर्गात प्रश्न विचारला जाताच तिचा हात सर्वांच्या आधी वर जातो. आता मनाशी विचारा, आपण जी मुलगी डोळ्यांपुढे आणली तिच्या कातडीचा रंग कोणता होता? मी तर रंग सांगितलाच नव्हता. तरीही आपण कोणता तरी रंग पाहिला. तो कोठून आला?

ही मुलगी म्हणजे जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतील हर्मायनी. आपल्या घरातील मुले तिला ओळखतात. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेल्या या सात कादंबऱ्यांत हर्मायनी जादूविद्येच्या शाळेत शिकते. तिचे आईबाप मात्र दंतवैद्य. त्यांना जादू येत नाही. म्हणून जन्माचा अभिमान बाळगणारी मुले तिला एक शिवी देतात. त्या शिवीचा अर्थ होतो मळक्या रक्ताची. गुणाने सर्वांच्या पुढे असलेली मुलगी केवळ जन्माने विटाळलेली ठरविली जाते. पुढे हीच मुलगी घरोघर राबणाऱ्या गुलाम सेवकांच्या मुक्तीसाठी संघटना काढते आणि तिचे मित्रच तिला हसतात.

बंधुभगिनींनो, हे वर्णन ऐकताना आपणांस कोणाची आठवण झाली, हे मी विचारीत नाही. अमेरिकेतील व इंग्लंडमधील कृष्णवर्णीय वाचकांना मात्र ती आपल्यापैकी वाटली. अनेक चाहत्यांनी कृष्णवर्णीय हर्मायनीची चित्रे काढली, तिच्या कथा लिहिल्या. २०१५ च्या डिसेंबरात लंडनच्या नव्या नाटकात हर्मायनीची भूमिका नोमा डुमेझ्वेनी ही कृष्णवर्णीय अभिनेत्री करणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा मोठा गदारोळ उठला. आक्षेप घेणारे म्हणाले, एका ठिकाणी तिच्या चेहऱ्याला पांढरा म्हटले आहे. लेखिकेने उत्तर दिले की, हर्मायनी गोरी आहे असे आपण कोठेही ठरवून दिलेले नाही. २०१६ साली ते नाटक रंगभूमीवर आले आणि २०१७ साली त्याच भूमिकेसाठी डुमेझ्वेनी यांना ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले.

या वादात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जी माणसे चिडली, त्यांना मळक्या रक्ताची शिवी वाचून राग आला होता. जन्मावरून माणसाला हीन ठरविणे वाईट, हा त्या कादंबऱ्यांचा उपदेश त्यांना मान्य होता. परंतु ती मुलगी खरोखरच त्या समाजातून आलेली असू शकेल की ज्याला प्रत्यक्ष जगात जन्मावरून हीन ठरविले जाते, ही कल्पना मात्र त्यांना सोसली नाही. अन्यायाविरुद्धची गोष्ट आवडते. अन्याय सोसणारा माणूस त्या गोष्टीचा नायक झालेला आवडत नाही.

दुसऱ्याने निर्माण केलेल्या पात्रांवर वाचकांनी लिहिलेल्या कथांना इंग्रजीत फॅन फिक्शन म्हणतात. आपण त्याला चाहत्यांचे कथालेखन म्हणू. हा उद्योग आजकालचा नव्हे. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ नावाची अंतराळप्रवासाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यात उहुरा नावाची कृष्णवर्णीय अधिकारी होती आणि ती भूमिका निशेल निकोल्स करीत असत. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडण्याच्या विचारात होत्या. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून आपणांस थांबविले, असे निकोल्स यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. कृष्णवर्णीय स्त्री मोलकरणीच्या वेषात न दिसता अधिकाऱ्याच्या आसनावर बसलेली घरोघर दिसते, याचे मोल डॉ. किंग यांना कळले होते.

याच मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ पासून स्वखर्चाने नियतकालिके काढली. आपल्याकडे चळवळीची पत्रके जशी सायक्लोस्टाइल करून हातोहात वाटली जात, तशीच ही नियतकालिके एकमेकांना टपालाने जात. लिहिणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. १९७४ साली अशाच एका नियतकालिकात मालिकेतील कॅप्टन कर्क व त्याचा सहकारी स्पॉक या दोघा पुरुषांचे परस्परांवर प्रेम आहे, अशी कथा प्रथम छापली गेली. लेखिकेने पात्रांची नावेही दिली नव्हती. ज्या काळात अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत असे प्रेम गुन्हा होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. पुढे २००७ साली अशा लेखनाच्या रक्षणासाठी चाहत्यांनी एक विनानफा संस्था स्थापन केली, २००९ साली या कथांचे सार्वजनिक भांडार उघडले, आणि २०१९ साली त्या भांडाराला ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्या लेखनाला पोरखेळ म्हणून हसत, त्याची एवढी मजल गेली.

येथे आपण विचाराल, रंग आणि प्रेम या दोन निराळ्या गोष्टी तुम्ही एकत्र कां बांधता? मी त्या बांधीत नाही. ज्यांनी त्यांवर बंदी घातली, त्यांनीच त्या एकत्र बांधल्या आहेत. अमेरिकेतील चित्रपटधंद्याने १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता केली. ती १९३४ पासून कसोशीने पाळली गेली आणि १९६८ पर्यंत टिकली. गोऱ्या व काळ्या माणसांचे शरीरसंबंध पडद्यावर दाखविण्यास तिने बंदी केली होती, आणि जिला तेव्हा लैंगिक विकृती म्हणत, तिची सूचना देण्यासही बंदी केली होती. समलिंगी प्रेम या दुसऱ्या बंदीत मोडत असे. नुसत्या चित्रपटांची ही गोष्ट नव्हे. गोऱ्याने काळीशी वा काळ्याने गोरीशी लग्न करू नये, असा कायदा १९६७ पर्यंत अमेरिकेच्या १६ राज्यांत होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी तो रद्द ठरविला.

हे असे कां असावे? याचे उत्तर एका भारतीय विद्यार्थ्याने १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मिळते. बाबासाहेबांनी त्या निबंधात दाखवून दिले की, जातीचा प्राण जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमात आहे. माणसांचा कोणताही गट स्वतःभोवती कुंपण घालतो, तेव्हा त्या कुंपणाचा खांब लग्नसंबंध हा असतो. कोणी कोणावर प्रेम करावे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती कोण उच्च आणि कोण नीच हेही राहते. म्हणूनच कल्पित पात्रांचा रंग बदलला की जी मंडळी खवळतात, तीच मंडळी पात्रांचे प्रेम बदलले की पुष्कळदा खवळतात. त्यांना दोन्हीकडे एकच कुंपण मोडताना दिसते.

आता मी आपणांस एका खटल्याची हकीकत सांगतो. माझ्या विषयाचा गाभा तिच्यात आहे.

१९३६ साली मार्गारेट मिचेल या अटलांटाच्या लेखिकेची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९३९ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि तो जगभर गाजला. कादंबरी अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातील आहे. स्कार्लेट ओहारा ही दक्षिणेतील मळेवाल्याची मुलगी तिची नायिका. मळा कापसाचा आणि राबणारे गुलाम. पण कादंबरीतील गुलाम कसे? मालकाशी एकनिष्ठ, बालबुद्धीचे आणि आपल्या स्थितीत समाधानी. स्कार्लेटला वाढविणारी मॅमी ही गुलाम स्त्री तर एवढी निष्ठावान की तिला स्वतःचे आयुष्य आहे की नाही हेही वाचकाला कळत नाही. लाखो वाचकांनी ते वाचले आणि गुलामगिरी बहुधा अशीच असेल असे मानले.

चित्रपटात मॅमीची भूमिका हॅटी मॅकडॅनियल यांनी केली. १९३९ च्या डिसेंबरात अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा त्या तेथे उपस्थित राहू शकल्या नाहीत. कारण ते गोऱ्यांचे नाट्यगृह होते. १९४० साली त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या सोहळ्यातही त्यांना बाकीच्या कलावंतांपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलाशी बसविले होते. पंगत आणि पंगतीबाहेरचे पान म्हणजे काय, हे आपणांस मी समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, मिचेल यांनी स्वतः १९४० नंतरच्या वर्षांत मोअरहाउस महाविद्यालयाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी गुपचूप पैसे दिले. म्हणजे त्या दुष्ट होत्या असे नव्हे. तथापि व्यक्तीची दया ही एक गोष्ट आणि तिच्या पुस्तकाने माणसांना दिलेली जागा ही दुसरी. दयेने फी भरली गेली. पण पुस्तकातील मॅमी होती तेथेच राहिली.

१९४९ साली मिचेल वारल्या. पुस्तकाचा कॉपीराइट वारसांकडे गेला. पुढचा भाग कोणी लिहावयाचा झाल्यास वारसांची परवानगी हवी होती. या पुढच्या भागासंबंधी ज्यांच्याशी बोलणी झाली, ते कादंबरीकार पॅट कॉनरॉय यांनी जाहीरपणे सांगितले की, नव्या पुस्तकात दोन गोष्टी असता कामा नयेत अशी वारसांची अट होती: वर्णसंकर आणि समलिंगी प्रेम. पाहा, पुन्हा तीच जोडी! लेखिका वारली, १९६७ साली कायदा बदलला, १९६८ साली चित्रपटांची आचारसंहिता गेली. पण कथेचे कुंपण तसेच उभे होते.

त्या कुंपणाला ॲलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने हात घातला. २००१ साली त्यांनी ‘द विंड डन गॉन’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका सिनारा ही मॅमीची मुलगी, आणि तिचा बाप म्हणजे मळ्याचा मालक. म्हणजे ती स्कार्लेटची सावत्र बहीण. मूळ कादंबरीत तिला जागाच नाही. वस्तुतः गुलामांच्या मळ्यावर मालकापासून झालेली मुले असत हा इतिहास आहे. मूळ कादंबरीने तो गाळला होता. सिनारा सांगते की, तिची आई मालकाच्या मुलीला पोटाशी घेते आणि तिच्या वाट्याला आईची माया उरत नाही. पुढे ती विकली जाते. मूळ कादंबरीत ज्या गुलामांना अक्कल नाही, ते येथे मालकाला नकळत मळ्याचा कारभार आपल्या बुद्धीने चालवितात. स्कार्लेटच्या आईच्या कुळातही एक कृष्णवर्णीय पूर्वज निघते. आणि ज्या गोऱ्या सद्गृहस्थासाठी स्कार्लेट आयुष्यभर झुरते, त्याचे मन स्त्रीकडे नसून पुरुषाकडे आहे, असे रँडल दाखवितात. वारसांनी निषिद्ध ठरविलेल्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच पुस्तकात केल्या.

वारसांच्या वतीने अटलांटाच्या न्यायालयात दावा दाखल झाला. पात्रे आमची, प्रसंग आमचे, तेव्हा हे पुस्तक चोरीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. २००१ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने पुस्तकाच्या प्रकाशनास मनाई केली. प्रकाशकाने अपील केले. टोनी मॉरिसन या नोबेल पारितोषिकविजेत्या कृष्णवर्णीय लेखिकेने रँडल यांच्या बाजूने निवेदन दिले. खरा प्रश्न इतिहासाची कल्पना कोणी करावयाची आणि गुलामांवर काय गुजरले हे कोणी सांगावयाचे हा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. २५ मे २००१ रोजी वरिष्ठ न्यायालयाने मनाई उठविली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील सविस्तर निकालात न्यायालयाने म्हटले की, मूळ कृतीवर टीका करण्यासाठी तिचीच पात्रे घेणे हे विडंबन आहे, आणि अशा टीकेला कायद्यात जागा आहे. २००२ साली उभय पक्षांत तडजोड झाली. प्रकाशकाने मोअरहाउस महाविद्यालयाला देणगी दिली, आणि पुस्तक बाजारात राहिले.

या खटल्यात पैशापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली होती. मालकाच्या घराण्याने सांगितलेली गोष्ट नाकारून गुलामाच्या मुलीला आपली गोष्ट सांगण्याचा अधिकार आहे काय, हा तो प्रश्न होता. १८६५ साली गुलाम कायद्याने मुक्त झाला. कथेतील गुलामाला मुक्त होण्यास २००१ साल उजाडावे लागले.

कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या पात्रांना हात कां लावता? आपली नवी पात्रे निर्माण करा. हा सल्ला वरवर शहाणपणाचा दिसतो. नवी पात्रे निर्माण केलीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु जी जुनी गोष्ट घराघरांत पोहोचली आहे, जिच्यामुळे लोकांच्या मनात आपली एक विशिष्ट मूर्ती बसली आहे, तिचे काय? तिला उत्तर तिच्याच घरात शिरून द्यावे लागते. शिवाय पुनर्लेखनाने मूळ पुस्तकाचे एक अक्षरही पुसले जात नाही. ‘गॉन विथ द विंड’ आजही मिळते. ज्याला ते वाचावयाचे त्याने वाचावे. फक्त त्याच्या शेजारी आता सिनाराची साक्ष उभी आहे.

आणि हा मार्ग आपल्याला अनोळखी आहे काय? १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा त्यांनी काय केले? घरोघर सांगितल्या जाणाऱ्या दशावतारांच्या कथाच त्यांनी हाती घेतल्या आणि त्या उलट बाजूने वाचल्या. वामनाने पाताळात घातलेला बळी हा दैत्य नसून न्यायी राजा होता, असे त्यांनी सांगितले. ज्याला कथेने खाली दडपले, त्याच्या बाजूला ते उभे राहिले. आणि हे पुस्तक त्यांनी अर्पण कोणाला केले? निग्रोंना गुलामगिरीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. सिनाराच्या जन्माच्या सव्वाशे वर्षे आधी या भूमीतील एका माळ्याच्या मुलाने तिच्या मायदेशाशी नाते जोडले होते. शंबूक आणि एकलव्य यांच्या कथा आपल्या कवींनी पुढे नव्याने लिहिल्या, त्याही याच वाटेने.

परंतु येथे मला एक इशारा द्यावयाचा आहे. पुनर्लेखन करणारा प्रत्येक जण न्यायीच असतो असे समजू नका. चाहत्यांच्या या कथालेखनातही उच्चनीचता शिरलेली आहे. २०१५ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात जॉन बोयेगा या कृष्णवर्णीय नटाने फिन या नायकाची भूमिका केली. पण कृष्णवर्णीय वाचकांनी लवकरच दाखवून दिले की, चाहत्यांच्या प्रेमकथांत फिनला मागे सारून गोऱ्या खलपुरुषांनाच पुढे आणले जात आहे. म्हणजे पुरुषाने पुरुषावर प्रेम करावे एवढे कुंपण मोडले, पण रंगाचे कुंपण शाबूत राहिले. रुक्मिणी पांडे या भारतीय अभ्यासक स्त्रीने चाहत्यांच्या जगातील वर्णभेदावर २०१८ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. २०२० साली त्या मोठ्या कथाभांडाराच्या संस्थेलाही या तक्रारींची जाहीर दखल घ्यावी लागली.

याहून साधे उदाहरण पाहा. ‘हंगर गेम्स’ या कादंबरीत रू नावाची एक लहान मुलगी मरते. तिची कातडी गडद तपकिरी आहे, असे पुस्तकातच स्पष्ट लिहिले आहे. तरी २०१२ साली चित्रपटात कृष्णवर्णीय मुलगी दिसताच कित्येक वाचक रागावले. काहींनी तर तिच्या मरणाचे आता तेवढे दुःख वाटत नाही असे लिहिले. डोळ्यांसमोर छापलेली ओळ त्यांच्या मनाने वाचलीच नव्हती. यावरून कळते की नुसता रंग सांगून भागत नाही. त्या माणसाचे मरण आपल्या घरच्या मरणासारखे वाटावे, इतके त्याला पूर्ण माणूस म्हणून उभे करावे लागते.

आता शेवटी घरातील गोष्ट बोलतो. ती बोलताना मला माझ्याच एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी मी मुलांचा वाचनवर्ग चालवीत असे. ऐकलेल्या एखाद्या कथेत काय बदलाल, ते लिहून आणा, असे मी सांगितले. एका मुलाने राजपुत्राची गोष्ट लिहून आणली. त्याच्या गोष्टीत राजपुत्र स्वयंवराला जात नाही. सेनापतीच्या मुलाबरोबर तो राज्य सोडून निघून जातो. मी ती मोठ्याने वाचली आणि हसलो. मी हसलो म्हणून सारा वर्ग हसला. मुलाने वही परत घेतली. तो पुढे वर्गाला आला, पण लिहिलेले एक अक्षरही त्याने मला पुन्हा दाखविले नाही. जन्माने ठरविलेली जागा नाकारण्याचे धडे मी त्याला देत होतो, आणि त्याने आपल्या मनाची जागा स्वतः शोधताच मी त्याला वर्गाबाहेर बसविले. भिंतीकडेचे टेबल मीच मांडले होते.

समलिंगी प्रेमाचा विषय घरात नको, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मलाही वाटत असे. परंतु आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले की, प्रौढ माणसांचे संमतीने केलेले असे प्रेम गुन्हा नाही, आणि राज्यघटनेची समता व प्रतिष्ठा त्यांनाही लागू आहे. ज्या घटनेचा आपण अभिमान बाळगतो, तिच्याच आधारे हा निकाल झाला. अशा विवाहाला मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने २०२३ साली नकार दिला. म्हणजे वाट अजून पुष्कळ चालावयाची आहे. आपण एकदा पंगतीबाहेर बसलो आहोत. पंगतीत जागा मिळाल्यावर दुसऱ्याला बाहेर बसविण्याचा हक्क आपल्याला पोहोचतो काय?

म्हणून मी आपणांस तीन गोष्टी सुचवितो. पहिली, मुलांना गोष्ट सांगताना कधीतरी विचारा की, या गोष्टीत कोण बोललेच नाही? स्वयंपाक कोणी केला, पालखी कोणी उचलली, आणि त्यांचे म्हणणे काय असेल? दुसरी, नायक डोळ्यांपुढे आणताना तो कोणत्या रंगाचा दिसला आणि तो रंग कोणी सांगितला, हे मुलांना तपासू द्या. गोरा रंग म्हणजेच सौंदर्य हा धडा आपल्या मुलींना लग्नाच्या जाहिराती रोज देतात. त्यावर उतारा घरातच तयार झाला पाहिजे. तिसरी, मुलाने वा मुलीने एखादी गोष्ट बदलून लिहिली, तर वही फाडू नका आणि हसू नका. आधी पूर्ण वाचा. मग विचारा, हे असे कां लिहिलेस? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कदाचित ते मूल पहिल्यांदाच आपले नाव आपल्या तोंडाने सांगत असेल.

आपण प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता मी देऊ शकतो. कथेचा मालक कोण? कागदावर तिचा मालक लेखक असतो आणि त्याच्यामागे त्याचे वारस. परंतु जी कथा माझ्याविषयी काही सांगते, तिला उत्तर देण्याचा माझा हक्क कोणत्याही मालकाला विकत घेता येत नाही. तो हक्क आपल्या मुलांना आपल्याकडून मिळावा. आणि त्या मुलाने मला पुन्हा वही दाखविली, तर या वेळी मी ती शेवटपर्यंत वाचीन, एवढे वचन मी आपणां सर्वांसमोर देतो.

जय भीम.